अवतरणातील भूतकाळ : क्रियारूपांच्या ‘शुद्धते’चा नैतिक प्रश्न

साहित्याच्या अभ्यासकाला दुसऱ्याचे वाक्य आपल्या लेखनात घेतल्यावाचून काम करता येत नाही. अवतरणचिन्ह उघडणे आणि मिटणे यांच्यामधली जागा आपली नव्हे, हा या व्यवहारातील मूळ संकेत होय. व्यवहारात मात्र ती जागा आपण बऱ्याच मोकळेपणाने वापरतो. अनुस्वार काढतो, ऱ्हस्वदीर्घ सुधारतो, विरामचिन्हे घालतो आणि कित्येकदा क्रियापदाचे रूपही बदलतो. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींबद्दल मराठीत पुष्कळ वाद झालेले आहेत. चौथीबद्दल फारसे बोलले जात नाही. क्रियारूप बदलणे ही मुद्रितशोधनाची बाब आहे, त्यात विचारांचा प्रश्न नाही, अशी आपली समजूत असावी. या समजुतीविषयी शंका उपस्थित करण्याचे कारण प्रस्तुत लेखकाला स्वतःच्याच एका चुकीने पुरवले. म्हणून आधी ती चूक.

२०१३ साली पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होते. त्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने बोईसर-तारापूर पट्ट्यातील मौखिक निवेदनांवर लघुप्रबंध करण्याचे ठरवले. मार्गदर्शक प्रस्तुत लेखक. या पट्ट्यात गेल्या साठसत्तर वर्षांत कारखान्यांसाठी, विजेसाठी, रस्त्यांसाठी जमिनी गेल्या. लोक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेले. विद्यार्थिनीने किनाऱ्याकडच्या एका वृद्ध स्त्रीचे निवेदन मोबाइल फोनवर मुद्रित केले आणि वहीत उतरवले. या निवेदिकेच्या कुटुंबाला आपले जुने घर सोडावे लागले होते. घर सोडण्याच्या प्रसंगाशी आल्यावर ती म्हणाली होती : ‘आमचा घर आमीच मोडला.’

लघुप्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य ‘आमचे घर आम्हीच मोडले’ असे झाले. त्याला प्रस्तुत लेखकाने संमती दिली; किंबहुना ‘अवतरणे प्रमाण भाषेत द्यावीत, बोलीतील रूपे परिशिष्टात’ ही सूचना त्याचीच होती. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी आणखी एक अडचण जाणवली. वाचकाचा गैरसमज होईल, या लोकांनी आपले घर स्वखुशीने पाडले असे त्याला वाटेल, असे लेखकाने सुचवले. विद्यार्थिनीने आणखी एक बदल केला आणि लघुप्रबंधात वाक्य छापून गेले : ‘आमचे घर मोडले गेले.’ अवतरणचिन्हे होती तशीच राहिली.

प्रबंध मान्य झाला. त्याची बांधलेली प्रत विद्यार्थिनीने घरी नेली आणि त्यातली काही पाने त्या निवेदिकेला वाचून दाखवली. त्या बाईंनी मध्येच थांबवून विचारले : ‘कोणी मोडला? आमी मोडला. दुसऱ्याचा हात लागू दिला नाय.’ कौले त्यांनी स्वतः उतरवली होती, वासे मोजून बाजूला ठेवले होते. घर जाणार हे ठरल्यावर निदान ते कोणाच्या हातून जावे एवढेच ठरवणे त्यांच्याकडे उरले होते, आणि ते त्यांनी ठरवले होते. आमच्या दुरुस्तीने नेमके तेवढेच काढून घेतले.

या प्रसंगात दोन वेगवेगळ्या दुरुस्त्या आहेत हे उघड आहे. ‘मोडला’चे ‘मोडले’ करणे ही एक आणि ‘आम्हीच मोडले’चे ‘मोडले गेले’ करणे ही दुसरी. पहिलीला आपण व्याकरणाची दुरुस्ती म्हणतो आणि दुसरीला अर्थाचा विपर्यास. निवेदिकेचा आक्षेप दुसरीला होता. पहिलीकडे तिने लक्षही दिले नाही. मग पहिली निर्दोष मानावी काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की पहिलीची सवय जडल्यावाचून दुसरी सुचलीच नसती. पण हे मत सिद्ध करायचे तर मराठी भूतकाळाच्या रूपांकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

मराठीतील भूतकाळ हा मुळात काळ नाही. ते एक जुने कृदन्त आहे. संस्कृतातील ‘गत’, ‘कृत’, ‘मृत’, ‘जात’ यांसारख्या रूपांना प्राकृतात ‘-इल्ल’सारखा प्रत्यय लागून ‘गेला’, ‘केला’, ‘मेला’, ‘जाला’ आणि पुढे ‘झाला’ ही रूपे तयार झाली. झ्यूल ब्लोक यांच्या १९२० च्या ग्रंथापासून ही व्युत्पत्ती मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. शाळेतल्या व्याकरणात आपण ‘जा’ या धातूपासून ‘गेला’ अनियमितपणे होतो असे शिकवतो. ऐतिहासिक दृष्टीने पाहिले तर ‘गेला’ हा वर्तमानकाळी धातूपासून झालेलाच नाही. जी क्रियापदे माणसे रोज उच्चारतात, म्हणजे जाणे, येणे, करणे, देणे, होणे, मरणे, त्यांचीच रूपे नव्या नियमाला दाद देत नाहीत, कारण ती तोंडी इतकी बसलेली असतात की नवा साचा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा ‘अनियमित’ हा शब्द व्याकरणकाराच्या सोयीचा आहे. ही रूपे भाषेतील सर्वांत जुनी वस्ती आहेत.

म्हणूनच त्यांच्यावर काळाच्या आणि प्रदेशाच्या खुणा सर्वाधिक उमटतात. ‘दिधले’, ‘दिल्हे’, ‘दिले’. ‘जाले’, ‘जाहले’, ‘झाले’. ‘म्हणितले’, ‘म्हटले’, ‘म्हणले’ या मालिकांतील कोणतेही एक रूप समोर आले की जाणकार वाचक लेखनाचा काळ, निदान लेखकाची परंपरा, अंदाजाने सांगू शकतो. महानुभाव गद्याचा वाचक ‘म्हणितलें’ पाहून थबकत नाही, पेशवाई पत्रव्यवहाराचा वाचक ‘दिल्हे’ पाहून थबकत नाही. थबकतो तो उतारा घेणारा, कारण त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा स्वतःचा वाचक असतो.

आता लेखनविषयक नियमांकडे येऊ. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आणि आणखी चार १९७२ मध्ये सिद्ध झाले व त्यांना शासनाची मान्यता मिळाली. अनुच्चारित अनुस्वार या नियमांनी गेले. ही सुधारणा आवश्यक होती याविषयी आज दुमत असण्याचे कारण नाही. पण भूतकाळाच्या रूपांवर तिचा जो परिणाम झाला तो अवतरणाच्या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. जुन्या लेखनात ‘पाहिलें’ म्हणजे नपुंसकलिंगी एक वस्तू पाहिली आणि ‘पाहिले’ म्हणजे पुल्लिंगी अनेक. ‘पाहिली’ म्हणजे स्त्रीलिंगी एक आणि ‘पाहिलीं’ म्हणजे नपुंसकलिंगी अनेक. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ मराठीत कर्माशी जुळतो, आणि कर्म बहुधा मागच्या वाक्यात किंवा मागच्या ओवीत राहून गेलेले असते. अशा ठिकाणी त्या एका बिंदूवरच कर्म कोणते हे कळण्याची भिस्त असते. बिंदू काढल्यावर ‘पाहिले’ हे रूप एका मुलाकडे बोट दाखवते की अनेक पुरुषांकडे, हे ठरवण्यासाठी वाचकाला मूळ ग्रंथच उघडावा लागतो. म्हणजे उताऱ्याचे प्रयोजनच संपते.

महामंडळाच्या नियमकारांना याची जाणीव नव्हती असे नाही. त्यांनी एक नियम खास उताऱ्यांसाठीच केला. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे; त्या दोघांच्या लेखनासह नंतरचे सर्व प्रचलित नियमांप्रमाणे छापावे, असा त्याचा आशय आहे. कोठेतरी रेषा ओढणे भाग होते हे मान्य. तरी या रेषेचे परिणाम एकदा तपासून पाहण्यासारखे आहेत. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे, ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण झालेले. नियम अक्षरशः पाळला तर एकाच लेखकाच्या एका ग्रंथातील क्रियारूपे जशीच्या तशी राहतात आणि दहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या ग्रंथातील बदलतात. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची. तीही रेषेच्या अलीकडे येते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा उजेडात आणली नसती तर तिच्या बाबतीत हा प्रश्नही निर्माण झाला नसता, ही गोष्ट वेगळी.

यातली विसंगती केवळ तारखांची नाही. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची खिल्ली उडवली हे सर्वश्रुत आहे. ज्याने एका लेखकाची रूपे अशुद्ध ठरवली त्याच्याच नावाने पुढे शुद्धलेखनाची कालरेषा ओळखली जावी, आणि त्या रेषेपलीकडे त्या दुसऱ्या लेखकाची रूपे दुरुस्त करण्याची मुभा मिळावी, हा योगायोग असेल. नियमकारांच्या मनात असा हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु नियमांना हेतू नसला तरी परिणाम असतात. चिपळूणकरांचे गद्य आजच्या नियमांत बसवताना त्यातले फार थोडे हलते, कारण आजची प्रमाण भाषा बऱ्याच अंशी त्याच गद्याच्या वळणावर घडली. फुले आणि ताराबाई यांचे गद्य बसवताना बोलण्याचा सूर, वाक्यातला झपाटा आणि गावाकडची रूपे धोक्यात येतात. दोघांना सारखाच नियम लावला तरी किंमत दोघांनी सारखी मोजलेली नसते.

अर्थात नियमातील ‘लेखनविषयक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो लेखनाविषयी बोलतो, रूपाविषयी नव्हे. ‘केलें’चे ‘केले’ करणे नियमात बसते. ‘म्हणले’चे ‘म्हटले’ किंवा ‘पिला’चे ‘प्याला’ करणे बसत नाही. पहिल्यात एक चिन्ह गळते, दुसऱ्यात एक शब्द जाऊन दुसरा शब्द येतो. हा भेद तत्त्वतः कोणीही मान्य करील. पण संपादनाच्या टेबलावर दोन्ही गोष्टी एकाच लाल पेनाने होतात.

पालघरच्या परिसराला हा प्रश्न नवा नाही. ‘महिकावतीची बखर’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ उत्तर कोकणाविषयी आहे; त्यातील महिकावती म्हणजे माहीम, आणि केळवे-माहीम पालघर स्थानकापासून फार दूर नाही. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या हातांनी रचलेली प्रकरणे तीत एकत्र आलेली आहेत. त्यांतील केशवाचार्याचा भाग शके १३७० च्या, म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा मानला जातो. अशा ग्रंथातील उतारे घेणाऱ्याने एका प्रकरणातील भूतकाळाचे रूप दुसऱ्या प्रकरणातील रूपाशी ‘एकसारखे’ करून टाकले तर काय होईल? ग्रंथाच्या थरांचा पुरावा देणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी मजकुरातच असतात, त्यांपैकी एक तो आपल्या हाताने पुसून टाकील, आणि पुढचा अभ्यासक त्या उताऱ्यावर विसंबून सगळी बखर एकाच हातची आहे असेही म्हणू शकेल. राजवाड्यांनी १९०९ मध्ये मुकुंदराजाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली व तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले, त्यामागे जुन्या रूपांविषयीचा हाच आग्रह होता. त्यांची अनुमाने पुष्कळदा धाडसी होती. रूपांविषयीची सावधगिरी मात्र अजून शिकण्यासारखी आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, अशा अर्थाची ताकीद दिली. ही ताकीद ओवी घालण्याविषयी आहे. क्रियापदाचे रूप बदलण्याविषयी बजावण्याचे कारण त्या काळी कोणाला वाटले नसावे, कारण नक्कल करणारा आपल्या उच्चाराने लिहीत जातो हे गृहीतच होते. नकलाकाराला आपण आज दोष देत नाही. त्याने अवतरणचिन्हे दिलेली नव्हती.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची गोष्ट याहून वेगळी. १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. १९०७ ची सालढाणा यांची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. लिपी बदलताना क्रियापदाच्या अंत्य स्वराविषयी, त्यावरील अनुस्वाराविषयी संपादकाला प्रत्येक ओळीत निर्णय घ्यावा लागतो. तेथे ‘मुळाबरहुकूम’ या शब्दाचा अर्थच ठरवावा लागतो, आणि तो ठरवल्याचे सांगावे लागते. येथे अधिक विस्तार करीत नाही.

‘आमचा घर आमीच मोडला’ या वाक्याकडे परत येऊ. प्रमाण मराठीच्या कानाला येथे लिंगाची चूक ऐकू येते : घर नपुंसकलिंगी, मग ‘आमचा’ आणि ‘मोडला’ कसे? उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील अनेक बोलींत नपुंसकलिंगी एकवचनाचा अंत्य ‘ए’ हा ‘आ’कडे झुकतो. ‘काम केला’, ‘असा झाला’, ‘त्यानी सांगला’ ही रूपे आगरी-कोळी बोलणाऱ्यांच्या तोंडी सहज असतात. ‘सांगला’मध्ये तर आणखी एक गंमत आहे. प्रमाण भाषेत ‘सांगणे’ हे ‘सांगितले’ असे वळणे घेत जाते. बोली सरळ ‘सांगला’ म्हणते. म्हणजे अनियमित प्रमाण भाषा आहे आणि नियमित बोली! तरी लाल पेन नेहमी एकाच दिशेने चालते. बोलीतील रूप नियमाच्या अभावातून आलेले नसून दुसऱ्या नियमातून आलेले आहे, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षात आपण शिकवतो. दुसऱ्या वर्षी त्याच विद्यार्थ्यांच्या प्रबंधातील अवतरणे ‘शुद्ध’ करतो.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वारली, वाडवळ, सामवेदी इत्यादी येथल्या बोलींचे नमुने आहेत. नमुन्यासाठी बहुतेक ठिकाणी उधळ्या पुत्राची बायबलमधील गोष्ट निवडलेली होती. त्या गोष्टीच्या शेवटी बाप म्हणतो की हा मुलगा मेला होता तो पुन्हा जिवंत झाला, हरवला होता तो सापडला. त्यामुळे एका परीने त्या संग्रहात बोलीबोलींतील ‘मेला’ आणि ‘झाला’ एकत्र आले. पण ती गोष्ट सांगणाऱ्याची नव्हती. त्याच्याकडून ती फक्त वदवून घेतलेली होती. सर्वेक्षणाला रूप हवे होते, माणूस नको होता. आम्ही २०१३ मध्ये उलट केले. आम्हाला त्या बाईंविषयी कळवळा होता, त्यांच्या रूपांविषयी नव्हता. दोन्ही पद्धतींत सांगणारी व्यक्ती आणि तिचे बोलणे एकमेकांपासून वेगळे करता येते, असे गृहीत धरलेले आहे.

‘मेला’ या रूपाविषयी थोडे अधिक. शहरी शिष्टाचारात माणूस ‘वारतो’, ‘जातो’, ‘निवर्ततो’. ‘मेला’ हे जनावराविषयी किंवा शिवी म्हणून. दलित आत्मकथनांच्या आणि मौखिक निवेदनांच्या अभ्यासात वेळोवेळी असे दिसते की उतारा घेणारा, विशेषतः तो निवेदनाचा सारांश देत असेल तेव्हा, ‘मेली’ची ‘वारली’ करून टाकतो. आई आपल्या मुलीविषयी ‘मेली’ म्हणते तेव्हा त्या शब्दात अनादर नसतो. शिष्टाचाराची भाषा जिच्यापर्यंत कधी पोचली नाही, किंवा त्या घटकेला जिला ती नको असते, अशा स्त्रीचे ते विधान असते. ‘वारली’ म्हटल्याने आपण त्या मुलीला आदर देतो की स्वतःच्या वाचकाची अस्वस्थता कमी करतो, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे. प्रस्तुत लेखकाने हा बदलही केलेला आहे.

या संदर्भात अवतरणाच्या आधी येणारे क्रियापदही विचारात घ्यावे लागते. ते उद्धृत केलेल्या मजकुरातले नसते, आपले असते. म्हणून त्याची जबाबदारी टाळता येत नाही. ‘म्हणणे’ या धातूला मराठीत दोन भूतकाळ आहेत. ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’. पहिला कर्त्याशी जुळतो, दुसरा जुळत नाही. आणि समीक्षेच्या भाषेत या दोहोंना न घेता तिसऱ्याचीच चलती आहे : ‘ज्ञानेश्वर म्हणतात’, ‘तुकोबा म्हणतात’, ‘मर्ढेकर लिहितात’. कवी वर्तमानकाळात बोलतो, कारण त्याचे बोलणे आजही चालू आहे असे आपण मानतो. विद्वानाला आपण पूर्ण वर्तमान देतो : ‘राजवाड्यांनी म्हटले आहे’, म्हणजे विधान करून झाले, पण ते अजून लागू आहे. आणि निवेदकाला? ‘निवेदिका म्हणाली.’ ती एकदा बोलली, एका दुपारी, एका ओटीवर, आणि थांबली. आमच्या लघुप्रबंधात संतकवींचे दाखले आणि त्या बाईंचे निवेदन दोन्ही होते. पहिल्या प्रकारात कोठेही भूतकाळ नाही आणि दुसऱ्या प्रकारात कोठेही वर्तमानकाळ नाही, हे पुढे कित्येक वर्षांनी प्रत चाळताना लक्षात आले. कोणी तसे सांगितले नव्हते. पद्धतच तशी आहे.

येथे काही आक्षेप संभवतात, आणि ते दुर्बळ नाहीत. पहिला असा की सर्व बोलीरूपे जशीच्या तशी दिली तर उतारा दुर्बोध होतो आणि अवतरणाचा हेतूच विफल होतो. याला उत्तर देता येते : शेजारी प्रमाण रूपांतर द्यावे, तळटीप द्यावी, जागा लागेल तर लागो. दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. ‘काम केला’, ‘सांगला’ ही रूपे नाटकसिनेमांनी विनोदासाठी इतकी वापरली आहेत की ती छापल्यावर वाचक बोलणाऱ्याला हसण्याची शक्यता असते. महामंडळाच्या नियमांनीही पात्राच्या तोंडच्या ‘असं केलं, मी म्हटलं’ला वेगळी मुभा दिलेली आहे, म्हणजे बोलणे हे ‘पात्रा’चे काम आणि लिहिणे हे लेखकाचे, अशी वाटणी तेथेही आहे. निवेदिकेला पात्र करून टाकण्याचा धोका खराच. आणि तिसरा आक्षेप असा की स्वतः निवेदकालाच शुद्ध भाषेत छापले जाणे आवडत असेल तर? अनेकांना आवडते. ‘पुस्तकात असते तसे लिहा’ असे सांगणारे लोक या भागात प्रस्तुत लेखकाला पुष्कळ भेटलेले आहेत. त्यांची इच्छा मोडून बोलीरूपांचा आग्रह धरणे हीही एक प्रकारची जबरदस्तीच.

या तिसऱ्या आक्षेपापुढे प्रस्तुत लेखकाला सरसकट नियम सांगता येत नाही. मात्र ज्यांना शुद्ध भाषा हवी असते तेही वाचून दाखवलेला मजकूर ऐकताना कोठे तरी थांबवतात. ते जेथे थांबवतात ती जागा बहुधा शब्दांच्या रूपाची नसते. कोणी केले, कोणाला केले, किती वेळा केले, याची असते. मराठीत या तिन्ही गोष्टी भूतकाळाच्या रूपात आणि त्याच्या जुळणीत गुंतलेल्या आहेत. सोलापूर-लातूरकडच्या बोलींत ‘मी काम केलो’ असे म्हणतात. तेथे क्रियापद कर्त्याला धरून राहते, आणि त्याचे ‘मी काम केले’ केले की ते कर्त्याला सोडून कर्माकडे जाते. व्याकरणदृष्ट्या हा निरुपद्रवी बदल आहे. पण आपण केलेल्या कामाविषयी, सोसलेल्या किंवा केलेल्या अपराधाविषयी साक्ष देणाऱ्याच्या तोंडचे ते वाक्य असेल, तर त्याला निरुपद्रवी म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागेल. रूप आणि आशय वेगळे करण्याची रेषा आपल्याला वाटते तेवढी स्पष्ट नसते. आणि ‘मोडला’चे ‘मोडले’ करताना ज्या हाताला काही वाटले नाही, त्याच हाताने पुढे ‘मोडले गेले’ लिहिले. ‘गेले’ हेही एक अनियमित भूतकाळाचे रूपच. प्रमाण मराठीत ते पूर्णपणे शुद्ध आहे. कर्मणि रचनेत ते इतक्या सहजपणे येऊन बसते की कर्ता कधी निघून गेला हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. वर्तमानपत्रांत आणि शासकीय अहवालांत घरे मोडली जातात, जमिनी घेतल्या जातात, माणसे हलवली जातात. आम्ही ते वाक्य त्या भाषेत नेऊन ठेवले, आणि हेतू चांगला होता.

मूळ दुरुस्त करता येईल काय, असे त्या विद्यार्थिनीने मध्यंतरी विचारले. ती आता स्वतः एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. फोन केव्हाच बिघडला. त्यातले ध्वनिमुद्रण काढून ठेवलेले नव्हते. निवेदिका हयात नाही. उरली आहे ती पेन्सिलने लिहिलेली वही. तिच्यातील त्या पानाचे छायाचित्र विद्यार्थिनीने पाठवले. ‘मोडला’ या शब्दावर एक ठिपका आहे. तो ‘मोडलां’चा अनुस्वार आहे, म्हणजे शब्दाच्या शेवटी त्या बाईंच्या उच्चारात नाकातला सूर होता आणि तो ऐकून तिने मुद्दाम नोंदवला, की पेन्सिल नुसती टेकली, हे तिला आता आठवत नाही. पानाच्या कडेला प्रस्तुत लेखकाच्या अक्षरात ‘मोडले’ असे लिहिलेले आहे, आणि त्याखाली दोनदा रेघ ओढलेली आहे.